उंचीचं इंजेक्शन आलंय म्हणे! आधी हे वाचा



बाळ जन्मतं. हातपाय थोडे आखूड वाटतात, डोकं जरा मोठं, कपाळ पुढे आलेलं. सुरुवातीला घरचे म्हणतात, ‘आजोबांवर गेलंय.’ मग एक्स-रे होतो, रक्ताची तपासणी होते आणि डॉक्टर एक लांबलचक नाव सांगतात: ॲकॉन्ड्रोप्लेझिया. त्याच रात्री मावशी किंवा काका फोनवर व्हिडिओ पाठवतात, ‘परदेशात उंची वाढवायचं इंजेक्शन निघालंय, बघा ना!’

मी चेन्नईत नुंगंबाक्कमला राहून हे सदर लिहिते. इथल्या नागेश्वर रोडवर कांची कामकोटी चाइल्ड्स ट्रस्ट हॉस्पिटल आहे. लहान मुलांच्या या रुग्णालयात लांबून लांबून आलेले आई-बाबा फाइल छातीशी धरून बसलेले असतात. त्यातल्या कुणाच्या फाइलवर हे नाव असेल, तर आजचा लेख त्यांच्यासाठी आहे. नसेल, तरी वाचा. असं बाळ उद्या तुमच्या नात्यात, शेजारी किंवा मुलांच्या वर्गात असू शकतं.

माझं म्हणणं आधीच सांगते. इंजेक्शन खरं आहे आणि त्याने उंची थोडी वाढते, हेही खरं आहे. ते घ्यायचं की नाही, हे ठरवायला थोडा वेळ घेता येतो. बाळाची मान, श्वास, पाठ आणि कान यांच्या तपासण्या मात्र थांबत नाहीत. व्हिडिओत हा भाग नसतो.

हे कुणामुळे झालं?

कुणामुळेच नाही. ग्रहणात बाहेर गेल्याने नाही, पपई खाल्ल्याने नाही, गरोदरपणात जिने चढल्यानेही नाही.

आपल्या पेशींमध्ये एफजीएफआर३ नावाचं एक जनुक असतं. त्यातलं एकच अक्षर बदललं की ॲकॉन्ड्रोप्लेझिया होतो. जवळपास सगळ्या मुलांमध्ये बदल त्याच एका जागी असतो, त्यामुळे रक्ताच्या जनुकीय तपासणीत निदान पक्कं करता येतं. साधारण २५,००० जन्मांमागे एका बाळाला हा आजार असतो. यातल्या सुमारे ८० टक्के बाळांचे आई-बाबा सर्वसाधारण उंचीचे असतात. म्हणजे हा बदल घराण्यातून आलेला नसतो, त्या बाळाच्या वेळी नव्याने झालेला असतो. वडिलांचं वय जास्त असेल तर शक्यता किंचित वाढते, पण तोही कुणाचा दोष नव्हे.

‘मग सोनोग्राफीत कसं दिसलं नाही?’ हा प्रश्न हमखास येतो. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत हाडांची लांबी बहुतेक वेळा ठीकच दिसते. हातपाय मागे पडलेले दिसतात ते सहाव्या-सातव्या महिन्यानंतर. तेव्हा आधीच्या रिपोर्टवरून डॉक्टरांशी किंवा एकमेकांशी भांडण्यात अर्थ नाही.

पुढच्या बाळाचं काय? आई-बाबा दोघेही सर्वसाधारण उंचीचे असतील, तर पुन्हा असं होण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी असते. आई किंवा बाबा यांपैकी एकाला ॲकॉन्ड्रोप्लेझिया असेल तर ती ५० टक्के असते. दोघांनाही असेल, तर एक अतिशय गंभीर प्रकार होण्याची शक्यता असते, म्हणून आधीच जनुकतज्ज्ञांना भेटणं गरजेचं आहे.

आणि एक गोष्ट आजी-आजोबांना जरूर सांगा. या मुलांची बुद्धी इतर मुलांसारखीच असते. ती उशिरा बसतात, उशिरा चालतात. त्याचं कारण मोठं डोकं, आखूड हातपाय आणि सैल सांधे हे आहे.

औषध नेमकं काय करतं?

लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा एक थर असतो. मूल वाढतं ते या थरामुळे. डॉक्टर त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. एफजीएफआर३ हा त्या थराचा ब्रेक आहे, असं समजा. वाढ प्रमाणात राहावी म्हणून तो आपल्या सगळ्यांमध्ये असतो. ॲकॉन्ड्रोप्लेझियात हा ब्रेक दाबलेलाच राहतो.

शरीरात सीएनपी नावाचं एक द्रव्य असतं. ते हा ब्रेक सैल करतं, पण काही मिनिटांतच मोडून जातं. शास्त्रज्ञांनी त्याचंच थोडं जास्त टिकणारं रूप तयार केलं. त्याचं नाव वोसोरिटाइड. बायोमरिन ही कंपनी ते व्हॉक्सझोगो या नावाने विकते. रोज एकदा, कातडीखाली, इन्सुलिनसारखं टोचायचं.

युरोपात ऑगस्ट २०२१ मध्ये दोन वर्षांवरच्या मुलांसाठी आणि अमेरिकेत नोव्हेंबर २०२१ मध्ये पाच वर्षांवरच्या मुलांसाठी त्याला मान्यता मिळाली. २०२३ मध्ये युरोपात वयाची अट चार महिन्यांवर आली आणि अमेरिकेत खालच्या वयाची अट काढून टाकली गेली. वरची अट मात्र दोन्हीकडे कायम आहे. ग्रोथ प्लेट उघड्या असेपर्यंतच औषधाचा उपयोग होतो. वयात आल्यानंतर त्या बंद झाल्या की औषध थांबवतात.

किती सेंटीमीटर?

आता व्हिडिओ बाजूला ठेवा आणि आकडे पाहा.

मुख्य चाचणीत ७ देशांतल्या २४ रुग्णालयांमधली ५ ते १८ वर्षांखालची १२१ मुलं होती. निम्म्यांना औषध दिलं, निम्म्यांना त्यासारखंच दिसणारं पण औषध नसलेलं इंजेक्शन. वर्षाच्या शेवटी औषध घेणाऱ्या मुलांच्या वाढीचा वेग दुसऱ्या गटापेक्षा वर्षाला सरासरी १.५७ सेंटीमीटरने जास्त भरला. या वयात ॲकॉन्ड्रोप्लेझिया असलेली मुलं वर्षाला साधारण ४ सेंटीमीटर वाढतात. त्या मानाने ही भर लहान नाही. पुढच्या वर्षीही हा वेग टिकलेला दिसला.

पण ‘दीड गुणिले दहा वर्षं म्हणजे पंधरा सेंटीमीटर’ असा हिशेब लगेच मांडू नका. लहानपणी औषध सुरू केलेली मुलं मोठी झाल्यावर शेवटी किती उंच होतात, हे कळायला ती मुलं मोठी व्हावी लागतात. म्हणूनच अमेरिकेने दिलेली मान्यता पुढील पुराव्याच्या अटीवर होती. औषधाविना ॲकॉन्ड्रोप्लेझिया असलेल्या पुरुषांची सरासरी उंची सुमारे १३१ सेंटीमीटर आणि स्त्रियांची सुमारे १२४ सेंटीमीटर असते. औषधाने ती वाढू शकते. मूल ‘वर्गातल्या इतरांएवढं’ होईल असं मात्र कुणी सांगत असेल, तर ते खरं नाही.

औषधाने जनुक बदलत नाही. ते बंद केलं की वाढीचा वेग पुन्हा पहिल्यासारखा होतो.

सगळ्या बुटक्या मुलांसाठी हे औषध आहे का?

नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. उंची कमी असण्याची कारणं कितीतरी असतात. ग्रोथ हार्मोनची कमतरता, थायरॉइड, सीलिॲक म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनचा त्रास, मूत्रपिंडाचे आजार, मुलींमधला टर्नर सिंड्रोम, अपुरं पोषण, आणि कित्येकदा आई-बाबांची स्वतःचीच उंची कमी असणं. प्रत्येकाचा उपाय वेगळा. ग्रोथ हार्मोन टर्नर सिंड्रोममध्ये देतात. ॲकॉन्ड्रोप्लेझियात मात्र हार्मोन कमी नसतोच. जपानमध्ये त्यासाठी हे हार्मोन वापरलं जातं, पण शेवटच्या उंचीत त्याने फारसा फरक पडत नाही.

टीव्हीवरच्या उंची वाढवणाऱ्या पावडरी, लटकायचे व्यायाम, ‘हाडं ओढून देणारे’ लोक यांपैकी कशानेही हा ब्रेक सैल होत नाही. मान ओढणं तर या मुलांसाठी धोक्याचं आहे. हाडं लांब करायची शस्त्रक्रिया असते, पण त्यात हाड कापून बाहेरून लावलेल्या चौकटीने ते महिनोन्‌महिने ताणतात. दुखणं, जंतुसंसर्ग, व्यायाम, शाळा बुडणं हे सगळं त्यात आलं. तो निर्णय मुलाला स्वतःचं मत देता येईल अशा वयात घ्यावा, असं बऱ्याच डॉक्टरांचं मत आहे.

ज्या गोष्टी थांबत नाहीत

हा भाग कृपया दोनदा वाचा. औषध परवडो वा न परवडो, मिळो वा न मिळो, हे करायचंच आहे.

*मान आणि श्वास.* कवटीच्या तळाशी मज्जारज्जू बाहेर येण्यासाठी एक छिद्र असतं. या बाळांमध्ये ते अरुंद असतं. मज्जारज्जूवर दाब आला तर झोपेत श्वास थांबू शकतो, आणि पहिल्या वर्षात त्याने जीवही जाऊ शकतो. म्हणून निदान होताच बालमेंदूतज्ज्ञांना दाखवा आणि एमआरआय कधी करायचा ते विचारा. पहिल्या वर्षातच झोपेची तपासणी करून घ्या. त्यात रात्रभर श्वास आणि ऑक्सिजन मोजतात. बाळ झोपेत श्वास रोखतं, मान मागे टाकून झोपतं, खूप घोरतं, दूध ओढताना दमतं, किंवा अंग फारच सैल वाटतं, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

*डोकं.* प्रत्येक भेटीत डोक्याचा घेर मोजायला सांगा. तो ॲकॉन्ड्रोप्लेझियासाठी बनवलेल्या वेगळ्या तक्त्यावर पाहावा लागतो, नेहमीच्या तक्त्यावर तो मोठाच दिसतो. टाळू फुगली, उलट्या होत आहेत, बाळ सतत चिडचिडं आहे, तर लगेच दवाखाना गाठा.

*पाठ.* आपल्याकडे चौथ्या-पाचव्या महिन्यात बाळाला उशा लावून बसवायची हौस असते. या बाळाला तसं बसवू नका. ते आपलं आपण बसेपर्यंत थांबा. साडीची झोळी, तमिळ घरांमधली ‘तूळी’, मऊ बाबागाडी यांत पाठ कमानीसारखी वाकते आणि मणक्याला कायमचा बाक येऊ शकतो. सपाट, घट्ट गादीवर निजवा. उचलताना मान आणि पाठ दोन्हींना हाताचा आधार द्या. मालिश करणाऱ्या बाईंना हे समजावून सांगा: हलक्या हाताने चोळा, मानेला झटका नको, पाय धरून उलटं लटकवणं तर अजिबात नको.

*कान.* या मुलांना कानाचा संसर्ग वारंवार होतो, कानात पाणी साचतं आणि ऐकू कमी येतं. मग बोलणं मागे पडतं आणि लोक म्हणतात, ‘मूल मंद आहे.’ दर वर्षी श्रवणचाचणी केली की हे टळतं.

*भूल.* कुठलीही शस्त्रक्रिया असो, अगदी दाताचीसुद्धा, भूलतज्ज्ञांना आजाराचं नाव आधी सांगा. मान हाताळताना त्यांना वेगळी काळजी घ्यावी लागते.

मूल मोठं झालं की ट्रॅम्पोलिन, कोलांट्या, डोक्यावर सूर मारणं टाळा. पोहायला आणि सायकल चालवायला हरकत नाही. वजनावर लक्ष ठेवा, कारण जादा वजनाचा भार गुडघ्यांवर आणि कमरेवर येतो. पाय दुखतात, बधिर होतात, थोडं चालून मूल खाली बसतं, अशी तक्रार आली तर मणक्याची तपासणी हवी.

औषध सुरू केलं तर रोजचं आयुष्य कसं असेल?

रोज एक सुई, म्हणजे वर्षाला ३६५. टोचायची जागा बदलत राहायची: मांडी, पोट, दंडाची मागची बाजू, कुल्ले. नर्स शिकवतात, मग आई-बाबा घरीच देतात. सर्वांत जास्त आढळणारे त्रास म्हणजे टोचलेल्या जागी लाली, सूज, खाज, आणि उलटी. रक्तदाब थोडा वेळ खाली येऊन चक्कर येऊ शकते. म्हणून इंजेक्शनच्या आधी मुलाने खाल्लेलं असावं आणि त्याआधीच्या तासाभरात पेलाभर पाणी, दूध किंवा ताक प्यालेलं असावं. उपाशीपोटी शाळेच्या घाईत सुई टोचली, असं नको. जुलाब-उलट्या चालू असतील त्या दिवशी आधी डॉक्टरांना फोन करा.

चेन्नईकरांसाठी आणखी एक गोष्ट. हे औषध काही दिवस ‘खोलीच्या तापमानाला’ ठेवता येतं असं लिहिलेलं असतं. ते तापमान म्हणजे २० ते २५ अंश. आपल्या मे महिन्यातल्या स्वयंपाकघराचं नव्हे! ते फ्रिजमध्येच ठेवा, बर्फाच्या कप्प्यात मात्र नको. पाण्यात कालवल्यावर तीन तासांच्या आत वापरायचं असतं.

दर तीन ते सहा महिन्यांनी वाढ मोजावी लागते आणि औषधाचं प्रमाण वजनानुसार बदलतं. आठवड्यातून एकदा घ्यायचं नवेपेग्रिटाइड आणि तोंडाने घ्यायचं इन्फिग्रॅटिनिब यांच्या मुलांवर मोठ्या चाचण्या झाल्या आहेत. त्यामुळे डॉक्टरांना ‘रोजच्या सुईशिवाय दुसरं काही?’ असं विचारायला संकोचू नका.

पैसे आणि कागदपत्रं

२०२१ मध्ये अमेरिकेत या औषधाची छापील किंमत वर्षाला सुमारे ३ लाख २० हजार डॉलर होती. तेव्हाच्या दराने जवळजवळ २ कोटी ४० लाख रुपये. हा आकडा वाचून पोटात गोळा येतो, मला माहीत आहे. म्हणूनच घर विकायचा किंवा लोकांकडून पैसे गोळा करायचा विचार करण्याआधी वरचे सेंटीमीटर आणि हा आकडा शेजारी शेजारी ठेवून डॉक्टरांशी बोला. हे औषध एकदा घेऊन संपत नाही, वर्षानुवर्षं घ्यावं लागतं.

केंद्र सरकारचं दुर्मीळ आजारांसाठीचं राष्ट्रीय धोरण २०२१ मध्ये आलं. त्याखाली ठरावीक उत्कृष्टता केंद्रांमधून यादीतल्या आजारांच्या उपचारांसाठी ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. मुंबईचं केईएम रुग्णालय आणि चेन्नईत एग्मोरचं इन्स्टिट्यूट ऑफ चाइल्ड हेल्थ ही अशी केंद्रं आहेत. नुंगंबाक्कमहून एग्मोर लोकल गाडीने दुसरंच स्टेशन. धोरण आलं तेव्हाच्या यादीत टर्नर आणि नूनन सिंड्रोमसाठी ग्रोथ हार्मोन होतं, ॲकॉन्ड्रोप्लेझिया नव्हता. यादीत भर पडत असते, म्हणून केंद्रात जाऊन नाव नोंदवा आणि सध्याची स्थिती विचारा. रुग्णांची नोंदच नसेल, तर यादीत नाव घालण्याची मागणी कोण करणार?

ऑगस्ट २०२४ मध्ये औषध नियंत्रकांनी अमेरिका, ब्रिटन, युरोपीय संघ, जपान, ऑस्ट्रेलिया किंवा कॅनडात मान्य झालेल्या दुर्मीळ आजारांवरच्या औषधांना भारतात पुन्हा चाचणी घेण्याच्या अटीतून सूट द्यायची वाट मोकळी केली. परदेशातून औषध मागवायचं असेल, तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी लागते. कुणी ‘ओळखीने आणून देतो’ म्हणालं, तर नाही म्हणा. थंड ठेवायचं औषध कुठून कसं आलं, हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

आणि उंचीपलीकडे

परदेशात ॲकॉन्ड्रोप्लेझिया असलेल्या काही प्रौढांना हे औषध पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं असं की आम्हाला त्रास आमच्या उंचीचा कमी आणि उंच काउंटर, उंच पायऱ्या, लोकांच्या नजरा यांचा जास्त. दुसरीकडे बरेच पालक म्हणतात, हात डोक्यापर्यंत पोहोचला, स्वतःचं स्वतः धुता आलं, तर तेवढंही मोलाचं आहे. दोन्ही बाजू ऐकण्यासारख्या आहेत. औषध घ्या, पण ‘तू असा आहेस म्हणून’ असा निरोप त्यातून मुलाला जाऊ देऊ नका. सात-आठ वर्षांच्या मुलाला सुई कशासाठी ते सांगा, आणि त्याचंही ऐका.

‘बुटबैंगण’, ‘टिंगू’, तमिळमध्ये ‘कुळ्ळन’. हे शब्द मूल शाळेत ऐकणारच. घरात तरी ते गमतीतही येऊ नयेत.

कायदा तुमच्या बाजूने आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ठेंगणेपणा ही नोंदलेली दिव्यांगता आहे: प्रौढपणी उंची ४ फूट १० इंच, म्हणजे १४७ सेंटीमीटर किंवा त्याहून कमी. दिव्यांगता ४० टक्के किंवा जास्त ठरली, तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, पुढे उच्च शिक्षणात आणि सरकारी नोकरीत आरक्षण आहे. यूडीआयडी कार्ड काढून ठेवा. शाळेला पायाखाली ठेवायला स्टूल, खालचा नळ, हात पोहोचेल अशी कडी मागा. घरात जेवायचा लाकडी पाट खुर्चीत बसलेल्या मुलाच्या पायाखाली ठेवला, तरी लटकते पाय टेकतात आणि कंबर दुखत नाही.

आपल्याच तमिळनाडूतल्या होसूरची नित्या श्री सिवन २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये बॅडमिंटनच्या एसएच६ गटात, म्हणजे कमी उंचीच्या खेळाडूंच्या गटात, कांस्यपदक जिंकली. त्याच स्पर्धेत हरियाणाच्या नवदीप सिंगने एफ४१ गटात भालाफेकीचं सुवर्णपदक मिळवलं. मुलांना त्यांचे सामने दाखवा. आपल्यासारखं शरीर असलेलं कुणीतरी जिंकताना पाहणं त्यांना हवं असतं.

डॉक्टरांकडे जाताना हे लिहून न्या

१. निदान जनुकीय तपासणीने पक्कं झालं आहे का?
२. मानेचा एमआरआय आणि झोपेची तपासणी कधी?
३. डोक्याचा घेर आणि उंची योग्य तक्त्यावर मांडली आहे का?
४. श्रवणचाचणी कधी झाली, पुढची कधी?
५. ग्रोथ प्लेट अजून उघड्या आहेत का, आणि औषधासाठी किती वर्षं हातात आहेत?
६. औषध घेतलं तर आमच्या मुलात किती फरक अपेक्षित आहे? एका वर्षात तो दिसला नाही तर काय?
७. खर्च कोण देणार, आणि मध्येच पैसे संपले तर?

पहिल्या चार प्रश्नांची उत्तरं याच महिन्यात मिळवा. उरलेल्या तिघांवर घरात बसून, शांतपणे, आजी-आजोबांनाही सोबत घेऊन बोला.

तुमच्या बाळाला खूप खूप प्रेम. पुढच्या वेळी भेटूच!